मायला ऐकू आलेलं 'बुद्धं'

प्रिय मिलिंद,

तू होतास तेव्हा तुला पत्र लिहायची सोय नव्हती, कारण तुला पत्ताच नव्हता. आता पत्ता होतो आहे. परवा दादालोकांचा निरोप आला, गावाच्या तोंडाशी, चैतू कोतवालाच्या घरासमोर, तुझ्या नावाचा स्तूप बांधणार म्हणून. जंगलातले हे बंदूकवाले आपल्या मेलेल्या माणसाचं असं लाल रंगाचं स्मारक बांधतात आणि त्याला स्तूपच म्हणतात. वर तुझं नाव येईल. नावाखाली काय लिहायचं ते घरच्यांनी सांगावं, असं त्यांचं म्हणणं आहे. घरचे म्हणजे मी. माय सहीपुरती लिहिते, हे तुला माहीत आहे.

कालपर्यंत माय खूश होती, मिलिंद. तिच्या लेखी स्तूप म्हणजे बुद्धाचा स्तूप. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, "माह्या मिलिंदाचा स्तूप होऊन राह्यला." मला म्हणाली, "सुजाता, चांगलं लिवजो वो. शांतीचं काईतरी लिवजो."

दोन दिवस कागद घेऊन बसले. ओळ काही येत नाही. येतो तो राग येतो, अर्धा तुझा आणि अर्धा माझा स्वतःचा. म्हटलं, आधी तुझ्याशीच बोलून घ्यावं. मोठ्या बहिणीला 'बाई, बाई' म्हणायचास आणि बाईचं एक ऐकायचा नाहीस. आता निदान मध्ये बोलणार तरी नाहीस.

सावलीहून इथे आलो तो दिवस आठवतो का? बाबा गेले, माझी सिरोंच्याहून बदली झाली, मुलचेऱ्याच्या पुढे जंगलातल्या या आरोग्य उपकेंद्रावर, नर्स म्हणून. एसटीच्या टपावर तांदळाची पोती टाकून मी तुम्हा दोघांना घेऊन आले. तू चंद्रपूरला बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेलं. कोणी विचारलं की सांगायचास, "नोकरी पाहून राह्यलो." तीन वर्षं पाहत होतास. एखाद्या नोकरीनंही तुला लांबून पाहिलं असेल आणि रस्ता बदलला असेल.

तोवर माझ्या कामाला हात लावायचास. उपकेंद्राच्या भिंतीवर गेरूनं तूच लिहिलंस, 'ताप आला, शंका नको, रक्त तपासा'. तुझं अक्षर होतंच देखणं. त्यातला 'श' तर असा काही फिरवायचास की मी म्हणायची, बाबा रे, लोक तापाचे आहेत, त्यांना घेरी येईल.

आणि काचा गुंडाळायचं काम तुझंच होतं. तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, वाळवायचा, नाव-गाव लिहून पट्ट्या जुन्या वर्तमानपत्रात बांधायच्या. गाव त्यांना 'रक्ताच्या काचा' म्हणायचं. दर बाजाराच्या दिवशी चैतू कोतवाल ते पुडकं कापडी पिशवीत घालून दवाखान्यात पोचवायचा. सरकारी कागद नेणं-आणणं हे कोतवालाचं कामच, त्यात माझ्या काचा तो मुकाट नेई. त्या बाजाराच्या गावी दवाखाना आणि पोलीस चौकी एकाच आवारात होती. फाटकही एकच. हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मग दादालोक आले. आपला जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. भर दुपारी आठजण आले आणि उपकेंद्रासमोरच्या मोहाच्या झाडाखाली बसले. एकाला ताप होता, त्याला मी गोळ्या दिल्या. त्यांचा पुढारी तेलुगू बोलायचा, सगळे त्याला अण्णा म्हणत. अण्णानं गावाला भाषण दिलं. गावातल्या निम्म्यांना गोंडी कळे, निम्म्यांना मराठी, आणि तेलुगू फक्त मला. सिरोंच्याला दोन वर्षं बाळंतपणं केली होती. कुठे दुखतं, किती दिवस झाले, नवऱ्याला बाहेर पाठवा, असं करत करत पुष्कळ तेलुगू आलं होतं.

भाषणाच्या शेवटी अण्णानं मूठ वर केली आणि म्हणाला, "शांति कोसम् युद्धम्."

माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला 'शांती' ऐकू आलं आणि त्याच्यामागून 'बुद्धं'. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "साधू, साधू, साधू." छप्पन साली मला कडेवर घेऊन ती नागपूरला दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून बुद्धाचं नाव कानावर पडलं की तिचे हात आपोआप जुळतात. अण्णालाही काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं खांद्यावरच्या बंदुकीसकट तिला हात जोडले.

तू माझ्याकडे पाहिलंस. आत चुलीपाशी येऊन विचारलंस, "बाई, थो काय म्हणे?"

"शांतीसाठी युद्ध म्हणे."

तू हसलास. मीही हसले. "मंग मायले नोको सांगू," तू म्हणालास. मायनं त्या दिवशी त्या आठजणांना भात आणि वाळल्या मासळीचा रस्सा वाढला, कितीतरी दिवसांनी घरात तिचा आवाज चढा होता. बाबा गेल्यापासून ती अशी बोललीच नव्हती. मला वाटलं, एवढ्यानं काय बिघडतं? ऐकलं असेल 'बुद्धं', तर ऐकलं असू दे.

महिन्याभरानं तू त्यांच्याबरोबर जायला निघालास. त्यांना तेलुगूचं मराठी करणारा माणूस हवा होता आणि तू अण्णाजवळ बसून बसून चार शब्द शिकला होतास. मला वाटलं होतं, माय दारात आडवी होईल. तिनं तर डबा भरून दिला. "बुद्धाच्या माणसाइसंगं चालला, जा गा. पंचशील पाळजो," म्हणाली. पाचांतलं पहिलंच शील काय आहे, मिलिंद? जीव घेऊ नये. मी तिथंच उभी होते. एक शब्द सांगायचा होता. तो सांगितला असता तर तिनं तुला सोडलंच नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मग मी का नाही बोलले? तू जाणारच होतास, निदान ती रडणार तरी नाही, असा हिशेब केला. नर्सबाईचा हिशेब, दुखणं पुढे ढकलायचा.

तू का गेलास तेही लिहिते, नाहीतर म्हणशील बाईनं एकाच बाजूचं लिहिलं. जंगलातला गार्ड कोंबड्या उचलून न्यायचा, लोकांना फुकट राबवायचा. नांगरासाठी एक लाकूड तोडलं म्हणून त्यानं एका म्हाताऱ्याला मारलं, त्याचा खांदा मीच बांधला होता. दादालोक आले आणि तोच गार्ड लांबून हात जोडायला लागला. खोटं कशाला बोलू? मलाही बरं वाटलं होतं. बरं वाटण्याचीच पंचाईत असते, पुढचं दिसत नाही.

अधूनमधून घरी यायचास. एकदा अंगणात अंबाडीची भाजी आणि भाकर खात होतास तेव्हा आपलं वाजलं. मी म्हटलं, "शांती पायजे तं लढाई कायले? ताप उतरवायले कोणी ताप चढवते का?"

"तूच चढवते," तू म्हणालास. "लस म्हंजे काय असते, बाई? थोडासा रोगच ना? थोडासा रोग टोचते तू, का मोठा रोग येऊ नये म्हून. पोरगं रडते, अंग तापते, तरी टोचते. आमची बी लसच समज. ही एक लढाई झाली का मंग लढाई नाई."

माझं शस्त्र माझ्यावरच. तू भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून जिंकल्यासारखा खाल्लास, आणि मायनं तुला आणखी वाढलं.

उत्तर मला पुढे सुचलं. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीत लस टोचायला गेले होते. ती माणसं दंग्यांत घरदार सोडून पळून आलेली, सरकारनं इथे जंगलात वसवलेली. तिथला एक म्हातारा नातवाला मांडीवर धरून बसला होता. सहज विचारलं, तुमच्याकडे भांडणाऱ्यांना काय हवं होतं? तो म्हणाला, "सबको शांती चाहिए था, दीदी. दोनों तरफ को." आणि नातवाचा दंड माझ्यापुढे केला. तेव्हा कळलं, मिलिंद. सुई ज्याला टोचायची त्यालाच वाचवायचं असतं. एकाला टोचायची आणि गाव बरं होईल म्हणायचं, ही लस नव्हे. हे तुला सांगायचं ठरवून मी तीन दिवसांनी गावी परतले, आणि चैतू मोहाखाली मरून पडलेला होता.

माझ्या माघारी तुम्ही गाव जमवलं होतं. चैतू दर बाजाराला चौकीच्या फाटकात शिरतो, पिशवी घेऊन जातो, रिकामी घेऊन येतो, म्हणजे खबऱ्या. अंगावर चिठ्ठी ठेवली होती, 'शांतीच्या वाटेतला काटा काढला'.

चैतूची बायको सोमारी दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिठ्ठी घेऊन उपकेंद्रावर आली. तिला अक्षर येत नाही. मला वाटलं, वाचून दाखव म्हणेल. तिनं कागद भिंतीला लावला, भिंतीवरच्या 'शंका'च्या शेजारी, आणि एकदा कागदावरच्या 'श'वर बोट ठेवलं, एकदा भिंतीवरच्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती कागद घडी करून घेऊन गेली. भिंत मी त्याच दिवशी चुन्यानं पोतली, तुझं अक्षर आता तिथे नाही.

त्यानंतर तू एकदाच भेटलास. पायवाटेवर, सकाळी, माझ्या खांद्याला लसीचा थर्मास होता. बंदूक झाडामागे ठेवून पुढे आलास. मला दिसू नये म्हणून ना? मी सरळ विचारलं, "चैतूच्या पिशवीत काय राहे, तुले मालूम नव्हतं?"

"होतं."

"मंग?"

"थो बोलला ना, बाई. 'रक्ताच्या काचा हायेत, नर्सबाईच्या' म्हणे. मी अण्णाले सांगितलं. शब्दाले शब्द सांगितलं."

"काय सांगितलं?"

"रक्तम्. गाजुलु."

अरे, गाजु म्हणजे काच, खरं आहे. पण 'गाजुलु' म्हटलं की तेलुगू माणसाला एकच कळतं, बांगड्या. कोतवाल चौकीत बांगड्या घेऊन जातो, असं ऐकलं अण्णानं. तो हसला, त्याच्याबरोबरचे सगळे हसले. पोलिसांच्या बायकांना भरतोस का, म्हणाले. आणि चैतूला वाटलं असेल, हसले म्हणजे आता सोडतील. तोही हसला का रे? हे मी तुला विचारलं नाही, पण मला रोज वाटतं की तो हसला असेल.

"मले पयले समजलंच नाई, काऊन हासून राह्यले," तू म्हणालास. "मंग समजलं."

"समजल्यावर बोलला काऊन नाई?"

"दोघाइच्या मंधातल्या माणसानं आपलं बोलाचं नसते, बाई. अन् थोवर चैतूले माराले सगळ्याइनं हात वर केले होते." मग म्हणालास, "एवढ्या मोठ्या कामात एखादी चूक होते. उद्या शांती आली का लोकं समजून घेतीन."

तो 'उद्या' तुझ्या तोंडून ऐकला आणि मला तुझी भीती वाटली. ज्या पोराला खरूज झाली तेव्हा मी कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली त्याची भीती. तुमची शांती कायम उद्या येणार होती, आणि तिच्या नावानं आजच्या दिवशी काहीही चालत होतं. बोलला असतास तर तुलाही मारलं असतं का? असेल. मी समजू शकते. पण तू तसं म्हणाला असतास तर मी तुला जवळ घेतलं असतं. तू म्हणालास, चूक होते.

दोन महिन्यांनी तू गेलास. नाल्याच्या काठी, पोलिसांच्या गोळीनं. तुला न्यायला गेले तेव्हा तिथला साहेब नीट वागला, मला खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, झालं ते वाईट. पण आता या भागात शांतता येईल." मला हसू आलं, आणि तो घाबरला. त्याला काय सांगू, की हेच वाक्य मी दुसऱ्या भाषेत आमच्या मोहाखाली ऐकलं आहे?

तुला सावलीला नेऊन वैनगंगेच्या काठी अग्नी दिला. माय पाठ ताठ ठेवून बसली होती. बुद्धाच्या कामी आला, एवढंच म्हणत होती.

आणि आता खरी गोष्ट. ज्याच्यासाठी हे पत्र आहे ती. चैतू गेला त्या दिवसापासून माय सोमारीच्या घरी गेली नव्हती. आधी दोघी मोहफुलं वेचायला बरोबर जायच्या. मी विचारलं तर म्हणाली, "बुद्धाची माणसं उगीच कोणाले मारतीन का? चैतूनं काईतरी केलं असन." गाव भीतीनं सोमारीशी बोलत नाही. माय श्रद्धेनं बोलत नव्हती. आणि ती श्रद्धा मी दिली आहे, चुलीपाशी हसून. तू एक शब्द सुधारला नाहीस, मिलिंद, आणि मीही एक शब्द सुधारला नाही. तुझ्यानं चैतू गेला. माझ्यानं तू गेलास, आणि सोमारीचं उरलंसुरलं माणूस, माय, तिच्यापासून तुटलं.

काल दुपारी मायला सांगितलं. बसवून, पाणी देऊन. ते 'बुद्धं' नव्हतं, माय, 'युद्धम्' होतं. युद्ध. शांतीसाठी युद्ध, असं तो म्हणाला होता. गाजुलुचंही सांगितलं, चिठ्ठीचंही.

मायनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी हात कायले जोडले?"

मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला.

"तुले मालूम होतं?"

"होतं."

तिनं मला मारलं. बत्तिसाव्या वर्षी, नर्सबाईला, भर अंगणात, एक थप्पड. बरं वाटलं, खोटं नाही सांगत. मग ती उठली, पायात चपला न घालता सोमारीच्या घरी गेली. मी मागून गेले तर दारातूनच हाकललं मला. दोघी आत काय बोलल्या ते माहीत नाही. संध्याकाळी परत आली, जेवली नाही, एवढंच विचारलं, "गावाले कोण सांगन?"

म्हणून हे वचन देते. स्तूपासाठी अण्णा येईल, गाव जमेल. सोमारी पुढे बसणार आहे, माय तिच्या शेजारी बसणार आहे, तसं त्यांचं ठरलं आहे. अण्णाचं भाषण झालं की मी उठेन. चैतूच्या पिशवीत काय होतं ते आधी तेलुगूत सांगेन, दुसरा अर्थ निघणार नाही अशा शब्दांत, आणि मग गावासाठी मराठीत. एक काच बरोबर नेणार आहे, हातात धरून दाखवायला. मला भीती वाटते. पण मधल्या माणसानं बोलायचं नसतं, हे आपल्या घरात आता चालायचं नाही.

आणि तुझ्या नावाखालची ओळही ठरली आहे. 'चैतू कोतवाल खबऱ्या नव्हता.' तेवढीच. लिहायला तयार असतील तर तुझं नाव वर राहू दे. तयार नसतील तर तुझं नाव मी त्यांना देत नाही. तुला त्या दिवशी बोलता आलं नाही ते तू तिथं उभा राहून जन्मभर बोल. सोमारी रोज सकाळी दार उघडेल आणि तू बोलत असशील.

तुझीच बाई,
सुजाता